पुण्याचं बिऱ्हाड बेळगावला हलवायचं म्हणतोय, कोणी हलवलंय का?

धायरीकर
मंडळी, सल्ला हवाय. स्पष्ट सांगा, गोड नको.

घरात आम्ही पाच जण. मी, बायको, आई, मुलगी पाचवीत, मुलगा पहिलीत. धायरीत भाड्याचा टू बीएचके आहे, भाडं २६ हजार अधिक मेंटेनन्स. अकरा महिने झाले की मालक हसत हसत दहा टक्के वाढ मागतो. उन्हाळ्यात टँकरची वर्गणी वेगळी. शाळेची फी आणि व्हॅन धरली की पंधरा तारखेनंतर पगाराचं नुसतं नाव उरतं. स्वतःचा फ्लॅट घ्यायचा तर वीस वर्षांचा हप्ता, आणि तोही नऱ्ह्याच्या पलीकडे.

माझं काम घरूनच असतं. महिन्यातून एकदा ऑफिसात तोंड दाखवावं लागतं. बायको गणिताच्या शिकवण्या घेते. आईचं माहेर चंदगडकडचं, त्यामुळे तिच्या लेखी बाजार म्हणजे बेळगावच. मामा अजून तिकडेच आहेत. ‘तिकडं का जात नाही रे?’ हे तिचंच.

सध्या ठरवलंय ते असं: मुलीला आहे त्याच शाळेत सहावी करू द्यायची आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात हलायचं. घाई नको. टिळकवाडी, हिंदवाडी, अनगोळ ही नावं ऐकून आहे. निपाणी-खानापूरही डोक्यात आहे. खर्च खरंच किती उतरतो? कन्नडचं काय? सांगा.

पोटापुरता
खर्च उतरतो, सोबत बातम्यांत दिसायची भीती वाढते. दर १ नोव्हेंबरला काळा दिवस (बेळगाव कर्नाटकात घातल्याचा मराठी लोकांचा निषेध), बेळगावात भरणाऱ्या कर्नाटकच्या दर अधिवेशनाला बंदोबस्त. पुण्यात महाग का होईना, निवांत आहात. बसा गप.

तिसरं_गेट
पोटापुरता साहेब, तुम्ही कधी आलाय काय बेळगावात? आम्ही इथं रोज बाजारात जातो, टीव्हीवर नाही.

धायरीकर, या की. घर हुडकायला मी येतो सोबत. टिळकवाडीत काँग्रेस रोडच्या आतल्या बाजूला बरा टू बीएचके सध्या १२ ते १६ हजारात मिळतो. हिंदवाडी, भाग्यनगर साधारण तेवढंच. वडगाव, खासबाग, अनगोळला गेलात तर दहाच्या आतबाहेर. डिपॉझिट पन्नास हजार ते लाख तयार ठेवा. शिवाय इथं ‘लीज’ चालते. मालकाला काही लाख एकरकमी द्यायचे, दोन-तीन वर्षं भाडं द्यायचं नाही, सोडताना मुद्दल परत घ्यायचं. ऐकायला झकास वाटतं. पण घर बँकेकडे गहाण आहे का ते बघितल्याशिवाय आणि कागद रजिस्टर केल्याशिवाय एक रुपया देऊ नका. आमच्या गल्लीत एका भाडेकरूच्या दारावर बँकेची नोटीस लागली, तेव्हा मालक फोन उचलेना.

आणि घर मार्चमध्ये बघाल तर सगळीच घरं देखणी असतात. पश्चिमेकडच्या भिंतीला आतून हात लावून बघा. कपाटामागं रंगाचे पापुद्रे सुटलेले दिसले, खाली पांढरी भुकटी पडलेली दिसली, की ते घर सोडा. जून ते सप्टेंबर पाऊस तिकडूनच मारतो. त्या चार महिन्यांत इथं कपडे वाळत नाहीत, पापड सादळतात, चपलेला बुरशी येते. बाकी आठ महिने हवेला तोड नाही, समुद्रसपाटीपासून साधारण २५०० फूट वर आहोत. पुण्याच्या एप्रिलचा तुम्हाला विसर पडेल.

शहापूरकर_अक्का
धायरीकर, भाड्याचं मागाहून बघा हो. तुमच्या पोस्टमधला खरा खर्च ‘घाई नको’ या दोन शब्दांत आहे.

मी इथे शाळेत शिकवते. दर वर्षी बाहेरून आलेले पालक बारावीच्या तोंडावर कपाळाला हात लावून बसतात, म्हणून आधीच सांगते. कर्नाटकात इंजिनिअरिंगला, मेडिकलला राज्याच्या कोट्यातून जायचं तर सर्वसाधारण अट अशी की पहिली ते बारावी या काळात मुलाची किमान सात पूर्ण शैक्षणिक वर्षं कर्नाटकात झालेली हवीत, आणि दहावी किंवा बारावी इथून पास हवी. आता बोटं मोजा. सहावी, सातवी, आठवी, नववी, दहावी, अकरावी, बारावी. झाली बरोबर सात. म्हणजे मुलगी येत्या जूनला सहावीत इथे आली तर बसते. तुम्ही म्हणता तसं सहावी पुण्यात करून सातवीला आली तर भरतात सहाच.

त्या अटीला बाकीची पोटकलमं आहेत (आईवडील इथे शिकलेले असतील तर, सैन्यात असतील तर वगैरे), पण तुमच्या लिहिण्यावरून त्यातलं एकही तुम्हाला लागू होत नाही. धाकट्याची चिंता नको, त्याच्या हातात वर्षं भरपूर आहेत.

धायरीकर
अक्का, हे डोक्यातच आलं नव्हतं. पण डोमिसाइल तर आमचं महाराष्ट्राचं राहीलच ना? ती पुण्याला येऊन इंजिनिअरिंग करील की. मग सात वर्षांचा हिशोब कशाला?

शहापूरकर_अक्का
महाराष्ट्रात मेडिकलच्या राज्य कोट्याला नुसतं डोमिसाइल पुरत नाही, दहावी-बारावीही महाराष्ट्रातून लागते. सातवीला इथे आली आणि बारावी इथेच केली तर मेडिकलला ती इकडच्या कोट्यात बसणार नाही आणि तिकडच्याही नाही.

एक दार मात्र आहे, आणि बाहेरच्या लोकांना ते सहसा माहीत नसतं. महाराष्ट्र सरकार ज्या ८६५ गावांवर हक्क सांगतं, त्यात बेळगाव, निपाणी, खानापूर येतात. या भागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेत वेगळी सोय आहे. इंजिनिअरिंगच्या माहितीपुस्तिकेत ते ‘टाइप ई’ म्हणून सापडेल. मेडिकललाही सीमाभागासाठी राखीव जागा असतात, पण अगदी मोजक्या. त्यांच्या भरवशावर बिऱ्हाड हलवू नये. ज्या वर्षी प्रवेश, त्या वर्षीची पुस्तिका प्रमाण मानायची.

(गंमत म्हणजे कर्नाटकानेही हेच उलट्या बाजूने केलंय. अक्कलकोट, जत, दक्षिण सोलापूर, गडहिंग्लज तालुक्यातल्या कन्नड मातृभाषेच्या मुलांना त्यांच्या यादीत ‘गडिनाडू कन्नडिग’ (सीमाभागातले कन्नडिग) म्हणून जागा आहेत. भांडण दोन सरकारांचं, दाखले गोळा करत फिरतात आईबाप.)

गणिताच्या_बाई
नमस्कार. वर ज्यांच्या शिकवण्यांचा उल्लेख झाला ती मी. धागा निघाल्याचं मला धाकट्या नणंदेने कळवलं, यावरून आमच्या घरात सल्लामसलत कशी चालते ते समजा.

खर्चाचं सगळे बोलतात, मिळकतीचं कोणी बोलत नाही. पुण्यात नववी-दहावीच्या एका मुलामागे मला जे मिळतं त्याच्या निम्मं तरी तिथे मिळेल का? ह्यांचा पगार तोच राहणार, माझा जाणार. शिवाय ओळखी शून्यापासून. आणि तिथला अभ्यासक्रम वेगळा, एसएसएलसी (दहावी), पीयूसी (अकरावी-बारावी). मुलीलाही सहावीत एकदम कन्नड. तिला ‘ऊटा आयता’ (जेवण झालं का) सोडून काही येत नाही, आणि तेही आजीने शिकवलेलं.

शहापूरकर_अक्का
बाई, प्रश्न अगदी रास्त आहे. निम्मं धरून चला, सुरुवातीला त्याहूनही कमी. पण पीयूसीला इथे एनसीईआरटीचीच पुस्तकं आहेत, त्यामुळे अकरावी-बारावीचं गणित शिकवणाऱ्याला भाषा आडवी येत नाही. चांगल्या गणित शिक्षकाचं नाव इथे लवकर पसरतं, शहर लहान आहे. पुण्यातल्या मुलांना ऑनलाइन चालू ठेवा आणि इथे अकरावीपासून धरा. आठवी-नववीच्या फार मागे लागू नका, त्या वर्गांना गल्लीगल्लीत क्लास आहेत.

कन्नडचं सांगते. २०१५ च्या कायद्यानंतर राज्यातल्या सगळ्या शाळांत, सीबीएसई धरून, कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवणं बंधनकारक झालं. मराठी माध्यमातही कन्नड आहेच. लिपी बसायला मुलांना फार दिवस लागत नाहीत, व्याकरणाची रचनाही आपल्याला परकी वाटत नाही. अडतं ते शब्दांवर, आणि परीक्षेत निबंधावर. शाळा सुरू व्हायच्या आधी दोन महिने घरी शिकवणी लावा, सहावीत धडपडेल, आठवीपर्यंत रुळेल. माझ्या वर्गात असं बघितलंय. आठवीत नव्याने येणाऱ्यांचे मात्र हाल होतात, कारण बाकीचे सगळे विषय त्याच वर्षी वजनदार होतात.

माध्यमाचं म्हणाल तर शहरात मराठी शाळा अजून चांगल्या आहेत, जिल्ह्यात सरकारी मराठी शाळाही आहेत, पट घसरतोय हेही खरं. तुमची मुलं इंग्रजी माध्यमात असतील तर इंग्रजीच ठेवा, एका वेळी दोन बदल नकोत.

निपाणीचा_पाव्हणा
सगळे बेळगावच घेऊन बसलेत. निपाणीचं बघा. कोल्हापूर चाळीस किलोमीटर, हायवे दाराशी, पुण्याला पोचायला बेळगावपेक्षा तास-सव्वा तास कमी. भाडी बेळगावच्याही खाली. घरात, बाजारात, बँकेत मराठी. तंबाखूच्या वखारींमुळे पैसा फिरतो. तोटा हा की मोठं दुखणं आलं की कोल्हापूर नाहीतर बेळगाव गाठावं लागतं, आणि बारावीनंतर मुलं बाहेरच जातात.

तिसरं_गेट
आई सोबत आहेत म्हणून बेळगावच बरं. दवाखान्याच्या बाबतीत इथं गोवा, कोकण, चंदगडहून पेशंट येतात. डॉक्टर मराठीत बोलतात, केसपेपर इंग्रजीत.

खानापूरबद्दल: सुंदर आहे. पाऊस बेळगावपेक्षाही दांडगा. घरून काम करणार असाल तर नेट आणि लाईट यांची आधी खात्री करा, मग भीमगडचं जंगल बघा.

पोटापुरता
बरं, राजकारण सोडा. सरकारी कचेरीत काय करणार? सगळं कन्नडमध्ये. खरेदीखत कन्नडमध्ये, नोटीस कन्नडमध्ये, पाट्यांवर ६० टक्के कन्नडचा कायदा २०२४ मध्ये झालाय. महाराष्ट्राने दावा कोर्टात नेला २००४ साली, निकाल अजून नाही. अशा ठिकाणी आयुष्याची पुंजी घालायची?

परतलेला
पुंजीचं मी बोलतो. मी मूळचा वडगावचा, पुण्यात नोकरी केली, आता परत इथे आहे.

कोर्टाच्या निकालाने तुमच्या फ्लॅटला काही होत नाही, राज्य कोणतंही असलं तरी सातबारा नाहीतर उतारा तुमच्याच नावावर राहतो. धोका वेगळ्याच ठिकाणी असतो. पहिलं, कन्नड न वाचता सही. आपला वकील हवा, एजंटाने आणलेला नको, आणि खरेदीखत शब्दन् शब्द मराठीत वाचून घ्यायचं. दुसरं, लेआउट ‘बुडा’ने (बेळगावचं नगरविकास प्राधिकरण) मंजूर केलेला आहे का आणि महापालिकेचा ई-खाता (मालमत्तेचा ऑनलाइन उतारा) निघतो का. गुंठ्या-दोन गुंठ्यांचे बिगर-एनए (बिनशेती न झालेले) तुकडे स्वस्तात दाखवतात, त्यावर घरं उभी राहतात, पण नंतर बँक कर्ज देत नाही आणि विकताना गिऱ्हाईक पळतं. आमच्या नात्यातला एक जण अशाच तुकड्यावर आज आठ वर्षं खाता मिळायची वाट बघतोय.

तिसरं, पाणी. बळ्ळारी नाल्याच्या काठची वडगाव, शहापूर, अनगोळकडची शिवारं पावसाळ्यात तळ्यासारखी भरतात. तिथे भराव घालून प्लॉट पाडलेले दिसतील. जुलैच्या शेवटी एकदा येऊन बघा, मग घ्या. नळाचंही विचारा. काही वॉर्डांत २००८ पासून चोवीस तास पाणी आहे, बाकी ठिकाणी ते काम अजून चालू आहे. राकसकोप धरण आटत आलं की उन्हाळ्यात पाच-सहा दिवसांआड पाणी येणारे भागही आहेत. मालकाला विचारू नका, शेजारच्या काकूंना विचारा.

पहिली दोन वर्षं भाड्यानेच राहा, हे माझं ठाम मत.

येळ्ळूर_शिवार
भराव घालून पाडलेले प्लॉट म्हणजे आमची भाताची जमीन, साहेब. बेळगाव बासमतीचा वास शहापूर-वडगावच्या शिवारात यायचा, आता तिथं बंगल्यांची नावं ‘ग्रीन’ आणि ‘पॅराडाईज’. हलगा-मच्छे बायपासला जमीन गेली, उरली त्याला बाहेरचे पैसे. २०२० ला कायदा बदलून शेतकरी नसलेल्यालाही कर्नाटकात शेती घेता येते, तेव्हापासून पुण्या-मुंबईच्या गाड्या बांधाला लागायला लागल्या. तुम्हाला जे स्वस्त वाटतंय ते आमच्या पोरांना आता परवडत नाही. राग तुमच्यावर नाही, भाड्यानं राहा, खुशाल राहा. पण शेतात प्लॉट घेऊ नका एवढं ऐका.

धायरीकर
शिवार दादा, ऐकलं. शेतात प्लॉट घेणार नाही.

तिसरं गेट, परतलेले, महिन्याचा ढोबळ आकडा सांगाल का? आणि वीज, बस फुकट असं ऐकतो, ते आम्हाला लागू होतं का?

परतलेला
भाड्यात तुमचे दहा-बारा हजार वाचतील. शाळेत जवळपास निम्मे. भाजीत थोडे, दुधात फारसे नाहीत. किराणा, पेट्रोल, मोबाईल, औषधं आहे तेवढंच. बाईंच्या शिकवणीची तूट यातून वजा करा. उरतं ते हप्त्याच्या धास्तीशिवाय झोप येण्याइतकं, श्रीमंत होण्याइतकं नाही.

वीज: हेस्कॉमकडची (इथली वीज कंपनी) गृहज्योती योजना २०० युनिटपर्यंत फुकट म्हणतात, पण ती आपल्या मागच्या वापराच्या सरासरीवर १० टक्के धरून मिळते. नव्याने येणाऱ्याचा मागचा वापर नसतो, त्याला ५३ युनिटची सरासरी अधिक १० टक्के, म्हणजे ५८ युनिट. त्यावर २०० पर्यंत फरकाचे पैसे भरायचे, २०० ओलांडले की पूर्ण बिल. भाडेकरूलाही मिळते.

बस: आईंच्या आधारवर कर्नाटकचा पत्ता आला की शक्ती योजनेत साध्या सरकारी बसला तिकीट नाही, जून २०२३ पासून. चंदगडला जाताना मात्र हद्द ओलांडून वीस किलोमीटरपर्यंतच ती सवलत. महाराष्ट्राच्या हद्दीत एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे. हद्दीवरच्या शिनोळीच्या अलीकडे कुठली बस धरायची आणि पलीकडे कुठली, याचा हिशोब आमची आत्या कॅल्क्युलेटरशिवाय करते.

तुमचं पुणं: वंदे भारत सप्टेंबर २०२४ पासून आहे, आठवड्यातून तीन दिवस. गोवा एक्सप्रेस रोजची. रस्त्याने साधारण ३४० किलोमीटर, पण सहापदरीकरणाच्या कामांमुळे साताऱ्यापासून कागलपर्यंत वेळेचा भरवसा धरू नका. आणि कुठे तणाव झाला की दोन्हीकडच्या बसगाड्या एक-दोन दिवस हद्दीवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडे-पलीकडे थांबतात. ऑफिसची तारीख त्या वेळी पुढे ढकलायची, बाकी काही होत नाही.

पोटापुरता
‘बाकी काही होत नाही’ हे फार हलक्यात म्हणताय. बसला काळं फासलं जातं, चालक-वाहकांना मारहाण होते.

परतलेला
होते. दोन्हीकडे होते, आणि दर वेळी मार खाणारा पगारी माणूसच असतो. मी नाकारत नाही. गल्लीत मात्र आमच्या शेजारी कन्नड घर आहे, त्यांच्याकडची होळगी (पुरणपोळी) आमच्याकडे येते आणि गणपतीला त्यांची पोरं आमच्यासोबत ढोल बडवतात. ही दोन्ही बेळगावं खरी आहेत. येणाऱ्याने दोन्ही धरून यावं.

गणिताच्या_बाई
काल रात्री घरात बसून कागदावर मांडलं. ह्यांची बेरीज मी तपासली, अर्थात. भाडं आणि शाळा मिळून जे वाचतं त्यातलं साधारण अर्धं माझ्या शिकवण्यांच्या तुटीत जातं. तरीही बाजू जमेची राहते. सात वर्षांचं गणित मात्र पुढच्या वर्षावर ढकलता येत नाही. त्यामुळे गेलो तर याच जूनला, नाहीतर मुलीची बारावी होईपर्यंत नाव काढायचं नाही, असं ठरलं. पुढच्या शनिवारी घरं बघायला येतोय. मुलीला कन्नडची बाराखडी गिरवायला दिली आहे, तिला ती अक्षरं जिलबीसारखी दिसतात आणि ती त्यावर खूश आहे.

तिसरं_गेट
शनिवारी सकाळी दहाला गोगटे सर्कलला उभा राहतो. आधी टिळकवाडीतली दोन दाखवतो, मग भाग्यनगर. येताना आईंनाही आणा, घराची पायरी त्यांना चढता येते का ते त्यांनीच बघू दे. कुंदा मी घेतो.

धायरीकर
आभार मंडळी. शेवटचे दोन प्रश्न. एमएच १२ गाडीचं काय करायचं? आणि शाळेसाठी कोणते कागद?

परतलेला
गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवायची तर पुण्याच्या आरटीओची एनओसी घ्या, बेळगावच्या आरटीओत केए २२ नंबर घ्या आणि इथला आजीवन कर भरा. नव्या गाडीवर तो किमतीनुसार १३ ते १८ टक्के आहे, गाडीच्या वयाप्रमाणे कमी होत जातो. मग महाराष्ट्रात भरलेल्या कराचा परतावा मागायचा, चिकाटी असेल तर मिळतो. तुमची गाडी जुनी असेल तर हिशोब करा, कधीकधी विकून इथेच घेतलेली परवडते.

शहापूरकर_अक्का
शाळा सोडल्याचा दाखला, दोघांचे जन्मदाखले, आधार, मागच्या दोन वर्षांच्या गुणपत्रिका. दाखल्यावर ‘मातृभाषा’ हा रकाना असतो, तिथे ‘मराठी’ असं नीट लिहिलेलं आहे का ते हातात घेतानाच वाचा. रिकामा असेल तर तिथल्या तिथे भरून घ्या, पुढे टाइप ईच्या वेळी तोच कागद काढावा लागतो. राज्याबाहेर जाताना दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी मागतात. इथल्या शाळा मेअखेरीस उघडतात, पुण्यासारख्या जूनच्या मध्याला नाही. तेव्हा निकाल लागला की लगेच दाखल्यामागे लागा, सुट्टीत कचेरीत साहेब भेटत नाहीत.